सातच्या खालचे तास

टूं.

एवढंच. रविवारची दुपार, साडेतीन वाजत आलेले. माझी लेक पिटू आतल्या खोलीत झोपली होती. मळ्यावरच्या कामगारांच्या रांगेतल्या बाकीच्या खोल्यांना कुलपं होती, सुट्टीला जो तो आपापल्या माणसांकडे गेलेला. मी खिडकीशी बसून पिटूच्या स्वेटरचं निखळलेलं बटण लावत होते. घर इतकं गप्प होतं की सुई लोकरीतून जाताना ऐकू यावी. आणि स्वयंपाकघरातून ते टूं आलं, कुणी हळूच खूण करावी तसं.

आधी फोन पाहिला. तो गप्पच होता. हल्ली तो गप्पच असतो. मग वाटलं, पिटूचं ते चावीचं बदक असेल. पण बदक खिडकीत माझ्यासमोरच पाय वर करून पडलं होतं. जाऊ दे म्हणून बटणाला गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, आणि तिथेच थांबले. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. फक्त तो घरातला नव्हता.

मी फ्रिज उघडला. दूध, अंडी, कालचं उरलेलं. खालचा भाजीचा कप्पा ओढला. गाजरांच्या मागे पिटूचा एक जुना लाल मोजा होता, आणि मोज्यात ती डबी. काड्यापेटीएवढी, करड्या रंगाची. तिच्या छोट्या खिडकीत आकडा होता: सहाशे.

मी कप्पा तसाच उघडा टाकून फरशीवर बसले.

मी ब्लूबेरीच्या मळ्यात काम करते. उन्हाळ्यात तोडणी, नंतर पॅकिंगच्या शेडमध्ये फळं निवडणं, हिवाळ्यात छाटणी. चार लांबलचक पॉलिहाऊस, त्यांत कुंड्यांमध्ये वाढवलेली साडेचार हजार झुडपं. लोकांना वाटतं बेरीला ऊन लागतं, पाणी लागतं. लागतंच. पण त्याआधी तिला थंडी लागते. पानं गाळून झुडूप एकदा झोपलं की त्याला सात अंशांच्या खालची थंडी मिळावी लागते, आणि तीही थोडीथोडकी नाही, आमच्या जातीला सहाशे तास. तेवढी झोप झाली की ते एकदम, ताजंतवानं जागं होतं. सगळ्या फांद्यांवर एकाच आठवड्यात फुलं, आणि मग एकाच वेळी भरणारी, टणक, बोटाने पुसली जाते ती पांढरी झाक अंगावर असलेली फळं.

आणि झोप अपुरी राहिली तर? तर ते अर्धवट झोपेतून उठवलेल्या पोरासारखं वागतं. निम्मे डोळे उघडतात, निम्मे उघडतच नाहीत. एकाच घोसात एक फळ निळं, एक हिरवं, एक अजून फूलच. त्याच झुडपाकडे तोडायला सात-सात वेळा जावं लागतं, आणि हाताला येतात ती बारकी, मऊ, डब्यात तळाशी बसून रस सोडणारी. दोन वर्षांपूर्वी हिवाळा असाच कोमट गेला होता. मळ्याच्या साहेबांनी झुडपं उठवायची घाई केली, आणि आम्ही सबंध हंगाम ती मऊ फळं वेगळी काढत बसलो. शेडमध्ये आंबूस वास भरून राहिला होता. माझ्या ओढणीला तो वास पावसाळा संपेपर्यंत होता.

म्हणून ही डबी. सात अंशांच्या खाली गेलेला प्रत्येक तास ती मोजते आणि खिडकीत दाखवते. शंभर पूर्ण झाले की एकदा टूं करते. तिसऱ्या पॉलिहाऊसच्या मधोमध, झुडपाच्या उंचीवर ती टांगलेली असते. टांगली पिटूच्या बाबाने. मळ्यातल्या पाण्याच्या नळ्या बघायचं काम त्याचं होतं आणि डबीही त्याच्याकडेच होती. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी तो भुंगे पाळणाऱ्या कंपनीत गेला. ब्लूबेरीची फुलं साध्या मधमाशीला नीट उघडता येत नाहीत, त्यासाठी भुंगे लागतात. पुठ्ठ्याच्या पेट्यांतून ते मळ्यामळ्यांत पोचवावे लागतात. तो ट्रक चालवतो. जाताना त्याने साहेबांना सांगितलं, "डबी हिच्याकडे द्या. हिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे." साहेब म्हणाले, "अक्षराचं काय, उंदीरसुद्धा तुझ्यापेक्षा बरं लिहील." आणि तेव्हापासून रोज सकाळी आकडा वहीत टिपायचा आणि दाराजवळच्या फळ्यावर लिहायचा, हे माझं काम झालं.

दिवसभरात तेवढंच एक काम असं होतं की ते करताना मला एकटं वाटत नसे. तो इथेच उभा राहून हाच आकडा बघायचा. वहीची पहिली पानं त्याच्या वाकड्यातिकड्या आकड्यांनी भरलेली, पुढची माझ्या. मला वाटायचं आम्ही दोघं एकच वही भरतोय.

पिटूला वाचायला मी डबीवरच शिकवलं. आकडे तरी. ती सकाळी शाळेच्या गाडीआधी माझ्यासोबत यायची, पुढे पळत जायची, आणि मी पोचेपर्यंत ओरडायची, "आई, दोनशे सत्तर आणि एक!" तिने एक गाणंही केलं होतं. गाणं कसलं, एका दमात म्हणायची ती साखळी: "सहाशे झाले की पडदे खाली, पडदे खाली की ऊब आली, ऊब आली की फुलं आली, फुलं आली की भुंगे आले, भुंगे आले की बाबा आला!" बाबा म्हणताना उडी. ही साखळी काही तिच्या मनची नव्हती. मीच सांगितली होती, एकदा रडायची थांबेना म्हणून. आणि ती खरीही होती. आकडा भरला की साहेब पॉलिहाऊसचे बाजूचे पडदे खाली सोडतात, आत ऊब धरते, कळ्या फुगतात. भुंग्यांची मागणी पडदे सुटतात त्याच दिवशी जाते; पेट्यांत साखरपाणी असतं, म्हणून त्या फुलांच्या आधी येऊन थांबल्या तरी चालतं. आमच्या मळ्यावर पेट्या घेऊन येणारा ट्रक त्याचा.

फक्त यंदा थंडी पडेना. सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घातला तर ते नुसतं गार. आकडा दिवसाला तीनने सरके, चारने सरके, एखाद्या दिवशी जागचा हलतच नसे. तीनशेचं टूं झालं तेव्हा हिवाळा अर्धा सरला होता. त्या टूंला पिटूने टाळ्या वाजवल्या आणि मग विचारलं, "आई, फ्रिजमध्ये किती असते थंडी?"

मी छाटलेल्या फांद्यांची मोळी बांधत होते. म्हटलं, "चार असते. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच आकडा धावायला लागला. एका रात्रीत चौदा. पुन्हा चौदा. साहेब तर हरखलेच. वय साठीचं, गळ्यात एकावर एक दोन मफलर, डॉक्टरने चहा बंद केला म्हणून प्रत्येकाच्या कपाकडे बघत फिरणारे. फळ्यापुढे उभे राहून म्हणाले, "पिटूची आई, तुमचा हात लागला हो डबीला! तो होता तेव्हा अशी थंडी कधी पडली नव्हती."

"थंडी कसली!" वजनकाट्यावरच्या मावशी शेडच्या दारातून ओरडल्या. मावशी मळ्यात सगळ्यांत जुन्या. त्यांच्या काट्याशेजारी पाऱ्याचं एक तापमापक लटकलेलं असतं, आणि गुडघ्यांसाठी म्हणून त्या रोज सकाळी त्यातला आकडा एका पुठ्ठ्यावर लिहितात. "थंडी पडली की माझे गुडघे बोलतात. महिना झाला, गप्प आहेत दोघं. भांडण झाल्यासारखे."

"तुमच्या गुडघ्यांवर मळा चालवू का मावशी?"

"चालवून बघा. त्या डबीपेक्षा तरी भरवशाचे आहेत."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. आता वाटतं, बादलीतलं पाणी तर रोज माझ्याच हाताला लागत होतं. पण आकडा मला हवा तसा होता, आणि हवी तशी गोष्ट घडत असली की माणूस बादलीत हात घालून बघत नाही.

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला होता. आठवड्यातून एकदा येतो तो. सुरुवातीला रोज यायचा, मग एका दिवसाआड. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

"किती झाले?" त्याने विचारलं. आमचं बोलणं इथूनच सुरू होतं.

"सकाळी पाचशे अठ्ठ्याहत्तर. साहेब सोमवारी पडदे सोडणार आहेत."

पलीकडे तो हसला. "उगाच फेकू नकोस. मी इथे वर, डोंगराच्या अंगाला आहे. इथल्या मळ्यावर साडेचारशे झालेत. तुमच्याकडे खाली पाचशे अठ्ठ्याहत्तर?"

"मग काय, माझा हात लागलाय डबीला."

"असेल बाई. पण ऐक. सोमवारी दुपारपर्यंत तुमची मागणी आली तर गुरुवारचा ट्रक माझा. मी लावून ठेवलंय तसं. रात्री राहता येईल, शुक्रवार पण काढतो. नाही आली तर मला पलीकडच्या बाजूला पाठवतायत. तिकडे मळे मोठे, आणि उशिरापर्यंत चालतात."

"उशिरा म्हणजे?"

"हंगामभर," तो म्हणाला. "पण येणारच आहे ना मागणी. पिटूला दे."

पिटूने फोन दोन्ही हातांनी धरून आख्खी साखळी म्हणून दाखवली. उडीसकट. त्याला उडी दिसली नसणार.

आणि आता रविवारी दुपारी मी फ्रिजपुढे फरशीवर बसले होते, मांडीवर लाल मोजा.

पिटू डोळे चोळत आली तेव्हाही मी तिथेच होते. तिने आधी मोजा पाहिला, मग माझ्याकडे. पळून जायचा विचार तिच्या पायांपर्यंत आला आणि परत गेला. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"झाले?" तिने हळूच विचारलं.

"सहाशे."

"मग टाळ्या?"

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला कुशीत घेतलं आणि विचारलं, "कधीपासून गं?"

"दात पडला ना, तेव्हापासून."

दात पडलेला मंगळवार माझ्या लक्षात होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी गोल केला होता. एकोणीस दिवस. वही काढून बघितलं: त्या सकाळी तीनशे सहा. म्हणजे त्यापुढचे सगळे, जवळजवळ तीनशे तास, गाजरांच्या मागचे.

"कशी काढायचीस?"

तिने सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यात एकोणीस दिवस गेले होते, सांगायला मिळाल्याने ती सुटल्यासारखी झाली. संध्याकाळी काम संपलं की ती "झाडांना टाटा करून येते" म्हणून परत पळायची. मी पाठमोरी, कात्र्या पुसत. डबी स्वेटरच्या खिशात. बटण त्यानेच निघालं होतं. घरी आलं की दूध पिते म्हणून फ्रिज उघडायचा. सकाळी पुन्हा दूध. मला कौतुक वाटत होतं, की पोरगी आता स्वतःचं स्वतः घेऊन पिते. सकाळी माझ्यापुढे पळायचं ते डबी टांगायला. शनिवारी रात्रीपासून सोमवारपर्यंत तर डबी घरीच, कारण रविवारी मळ्यात कुणी नसतं.

"दुधाचा कप हातात असायचा," ती म्हणाली, "म्हणून तुला कळलं नाही ना?"

"नाही कळलं."

"मोजा घातला होता मी तिला. फार गार पडू नये म्हणून. पण थोडी गार पडायला पाहिजे ना, म्हणून एकच."

मला हसू आलं. मी उठून कप्पा लावला, फ्रिजचं दार लोटलं. ते चप्प करून बंद झालं. हाच आवाज एकोणीस दिवस सकाळ-संध्याकाळ माझ्या कानावरून गेला होता.

उजेड होता तोवर मी तिला घेऊन पॉलिहाऊसमध्ये गेले. डबी टांगायला, असं स्वतःला सांगितलं. आत वाऱ्याने प्लास्टिक सावकाश वर-खाली होत होतं. दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळलेले, उद्या सकाळी सोडायच्या दोऱ्या साहेबांनी शनिवारीच सैल करून ठेवलेल्या. रांगाच्या रांगा काळ्या कुंड्या, त्यांतून वर आलेल्या तांबूस काड्या. पिटू मधल्या वाटेवरून एका पायावर उड्या मारत पुढे गेली.

डबी मी तिच्या खिळ्याला अडकवली. सहाशे. इथे अडकवून मी घरी गेले असते तर संपलं होतं. उद्या मी फळ्यावर सहाशे लिहिणार, साहेब दोऱ्या सोडणार, दुपारी मागणी जाणार. गुरुवारी ट्रक. तो दारात उभा राहून बूट काढेल, पिटू त्याच्या पायाला लटकेल, तो म्हणेल जेवायला काय आहे, आणि मी दोन रात्री या घरात कुणाचा तरी श्वास ऐकत झोपेन. फुलं वेडीवाकडी आली तर कोण म्हणेल की डबीने फसवलं? म्हणतील, हवा वाईट. हवेला सगळेच नावं ठेवतात. हवा काही उलटून बोलत नाही.

मी एका काडीचं टोक हातात धरलं. फुलाची कळी जाड असते, पानाची बारीक, बोटालाच कळतं. जाड कळी दोन बोटांत घेतली आणि अगदी हलकेच दाबून पाहिली. सहाशे तास झोपलेली कळी किंचित मऊ लागते, आत काहीतरी हललंय असं वाटतं. ही दगडासारखी होती. झोपेत पिटूची मूठ असते तशी, सोडवायला जावं तर आणखी घट्ट होणारी. दुसऱ्या झुडपाची पाहिली. तिसऱ्याची. मग चौथी पाहायची गरज राहिली नाही.

सहाशे तास कसले, ही बिचारी अजून गाढ होती. आणि आम्ही उद्या तिला गदागदा हलवणार होतो.

ती डबी मी परत काढून हातात घेतली.  जेवताना पिटूने विचारलं, "फ्रिजमध्ये ठेवायची का?"

"नको. आता टेबलावर राहू दे."

सोमवारी मी तिला शाळेच्या गाडीत बसवलं नाही. ती मागे लागली नव्हती, मीच म्हटलं, चल माझ्याबरोबर. साहेब, छाटणीवाले दोघं आणि मावशी तिसऱ्या पॉलिहाऊसच्या दाराशी जमले होते. साहेबांनी तिसराही मफलर गुंडाळला होता. छाटणीवाल्यांनी दोऱ्या हातात घेतलेल्या.

"या, या! पिटूची आई, लिहा आकडा आणि करा शुभारंभ."

"साहेब, आकडा खोटा आहे."

सगळ्यांच्या आधी मावशी म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं?"

मी डबी पुढे धरली. रात्री हजारदा घोकलेलं वाक्य कसं कोण जाणे उलटसुलट झालं. म्हटलं, "डबी घरी होती. रात्रीची. एकोणीस रात्री, आणि मधले रविवार. फ्रिजमध्ये होती."

"फ्रिजमध्ये?" साहेबांनी एक मफलर सैल केला. "तुम्ही डबी फ्रिजमध्ये ठेवलीत?"

"जबाबदारी माझी होती."

"ते नाही विचारलं मी." त्यांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांची नजर हळूहळू खाली, माझ्या कमरेच्या उंचीवर आली, जिथे पिटू माझी ओढणी मुठीत धरून उभी होती. साहेब गुडघ्यावर हात टेकून वाकले.

"काय हो पिटूबाई, फ्रिज कितीवर असतो?"

"चारवर," पिटू म्हणाली.

"आणि मोजायचं कितीच्या खालचं?"

"सातच्या."

साहेब सरळ झाले. छाटणीवाल्यांतला एकजण फसकन हसला आणि मावशींनी डोळे वटारल्यावर गप्प झाला. साहेब हसले नाहीत. पॉलिहाऊसमध्ये गेले, चार झुडपांच्या कळ्या दाबून आले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा होता.

"दोऱ्या बांधून टाका," ते म्हणाले. "मावशी, तुमचा तो पुठ्ठा आणा."

मावशींच्या पुठ्ठ्यावरून त्यांनी अंदाज बांधला. त्या एकोणीस दिवसांत खरे तास साठ, फार तर पासष्ट. म्हणजे सगळे मिळून पावणेचारशेच्या आत. साहेबांनी छाटणीवाल्यांना छताच्या प्लास्टिकला चुना मारायला लावला, म्हणजे दिवसाचं ऊन आत कमी येईल आणि मिळालेली थंडी वाया जाणार नाही. आहे तो हिवाळा पुरवून पुरवून वापरायचा. फळ उशिरा येईल, महिनाभर तरी. पण येईल ते धड येईल.

मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. पडदे सुटले असते तर गेलंच होतं सगळं." मग जरा खाकरून, "डबी आता मावशींकडे राहू दे. राग मानू नका."

"नाही," मी म्हटलं.

वहीही मी मावशींकडे दिली. त्यांनी ती पदराला पुसून काखेत धरली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आकडे लिहायला मी तुलाच बोलवीन गं. मला कुठे दिसतंय." पण त्यांना चांगलं दिसतं. काट्यावरचे पाच ग्रॅम दिसतात.

दुपारी फोन मीच केला. सोमवारी मी कधी करत नाही, म्हणून त्याने उचलताच विचारलं, "पिटू बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. मोज्यापर्यंत आलं तेव्हा तो मोठ्याने हसला. "एकच मोजा! माझ्यावर गेलीय पोरगी." मग हसू ओसरलं. मागे कुठे तरी इंजिन चालू होतं.

"म्हणजे मागणी नाही," तो म्हणाला.

"नाही. महिनाभर तरी नाही."

"साहेबांना कळलं नसतं."

"कळीला कळलं असतं."

 मागचं इंजिन बंद झालं. मग म्हणाला, "हो. ते आहेच." मग, "मला उद्या निघावं लागेल मग. पलीकडे."

"तिकडून फोन लागतो?"

"लागत असेल. बघतो." कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो. पिटूला ओरडू नकोस."

मी ओरडले नव्हते. त्याला सांगायचं राहिलंच.

संध्याकाळी काम संपल्यावर पिटू म्हणाली, टाटा करून येऊ? मी म्हटलं, दोघी जाऊ. छतावरच्या चुन्यामुळे आत दुधासारखा उजेड होता. डबी तिच्या जागी होती, पण आता साहेबांनी ती तारेने खांबाला आवळून वर एक बारकं कुलूप घातलं होतं. फळ्यावरचे सहाशेकडे निघालेले माझे आकडे पुसलेले, आणि मावशींच्या जाड अक्षरात लिहिलेलं: तीनशे सत्तर, अंदाजे. पुसलेल्याचा पांढरा डाग फळ्यावर तसाच होता. पिटूने त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"तीपण थंडीच होती ना आई? फ्रिजमधली?"

"थंडीच होती."

"मग ती का नाही चालत?"

मी खाली बसले. तिचा हात घेऊन एका जाड कळीवर ठेवला. "ही बघ. ही इथे आहे. डबी आपल्या घरी गार पडत होती, पण ही इथेच होती, इथल्या हवेत. हिला कुठे काय लागलं? थंडी झाडाला स्वतःला लागावी लागते, राणी. नुसतं आपण मोजून उपयोग नाही."

तिने कळी दोन बोटांत धरली. मी शिकवलं नव्हतं, तरी अगदी हलकेच दाबून पाहिली. चुन्यातून येणारा उजेड कमी होत चालला होता, पलीकडे शेडचं दार ओढल्याचा आवाज आला, मावशी घरी निघाल्या असाव्यात.  पिटूने पडलेल्या दाताच्या जागेत जिभेचं टोक घातलं, विचार करताना घालते तसं.

"आई," ती म्हणाली, "मग आपण इथे रोज मोजतो, ते बाबाला तिथे लागतं का?"